संगाईसाठी आधी पाणी की आधी दुसरं घर?

मणिपूरच्या संगाई हरणासाठी तुमचं निसर्गमंडळ काही करायचं म्हणत असेल, मग ते थोडा निधी देणं असो की निवेदनावर सह्या गोळा करणं, तर दोन मतं कानावर पडतील. एक मत असं की लोकताक सरोवराचं पाणी वर्षातले काही महिने खाली उतरू द्या. दुसरं असं की सगळी हरणं एकाच दलदलीत ठेवणं धोक्याचं आहे, थोडी दुसरीकडे हलवा. दोन्हींत तथ्य आहे. पण हातात पैसे आणि वेळ दोन्ही बेताचे असतील तर मी पहिल्या मताच्या बाजूने आहे.

आधी फुमदी समजून घ्यायला हवी. आपण पाण्यावर हिरवं काही तरंगताना दिसलं की त्याला जलपर्णी म्हणतो आणि काढायला जेसीबी बोलावतो. फुमदीचं प्रकरण वेगळं. गवताची मुळं, कुजलेला पाला आणि माती एकमेकांत गुंतून झालेला हा जाड थर. साधारण पाचवा हिस्सा पाण्यावर, बाकी सगळा पाण्याखाली. सरोवराच्या दक्षिण टोकाचं केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान 40 चौरस किलोमीटरचं आहे, आणि त्यातला बराच भाग असा तरंगता. संगाई त्यावर नुसत्या खुरांवर चालत नाही; खुरामागचा पायाचा भागही टेकवतो, म्हणजे वजन पसरतं. थर जाड असेपर्यंत ही युक्ती चालते. पातळ झाला की पाय सरळ आत जातो.

आणि थर पातळ होतो आहे. पूर्वी कोरड्या दिवसांत पाणी उतरलं की फुमदी तळाला टेकायची. मुळं गाळातून पोषण घ्यायची, पावसाळ्यात थर पुन्हा वर यायचा. 1983 साली सरोवराचं पाणी अडवणारं इथाई बराज, म्हणजे बंधारा, झालं. 105 मेगावॅटच्या जलविद्युत प्रकल्पासाठी पाणी समुद्रसपाटीपासून 768.5 मीटरच्या आसपास राखलं जाऊ लागलं. तेव्हापासून फुमदी बारमाही तरंगतेच. जमिनीला टेकणंच थांबलं, म्हणजे जेवण बंद, आणि वजन मात्र तेवढंच पेलायचं.

पाण्याच्या पर्यायाची जमेची बाजू इथेच आहे: तो मूळ दुखण्यावर हात ठेवतो. नवी जागा शोधायला नको, हरणं पकडायला नकोत. फायदाही एकट्या संगाईचा नाही. चढलेल्या पाण्याने काठच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गिळल्या आहेत, त्यांचीही जुनी तक्रार हीच. खर्चाची बाजू वीज. ऐन कोरड्या महिन्यांत पाणी सोडायचं म्हणजे निर्मिती घटणार, त्यामुळे ज्यांच्या हिशोबात ती तूट बसते ते सहजी तयार होणार नाहीत. पैशांपेक्षा चिकाटी जास्त लागणारं काम आहे हे.

दुसऱ्या घराच्या बाजूने बोलणारे आकडे मांडतात आणि ते खरेच आहेत. 1951 मध्ये संगाई नामशेष झाला असं मानलं गेलं, 1953 मध्ये तो पुन्हा सापडला, 1975 च्या पाहणीत जेमतेम 14 दिसले. 2016 मध्ये 260. म्हणजे आजचा सारा गोतावळा त्या मूठभरांचा. रक्त जवळचं, ठिकाण एकच. एखादा साथीचा रोग आला तर काय, हा प्रश्न रास्त आहे. नागपूर-गोंदियाकडच्या वाचकांना कान्हाचा बारशिंगा आठवेल. 1970 च्या सुमारास तिथे 66 उरले होते. ते सावरल्यावर 2015 पासून काही सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेले. मग संगाईचं तसंच का नको?

कारण कान्हात आधी कुरणं सुधारली, संख्या वाढली, मग हलवाहलव झाली. शिवाय तो बारशिंगा कडक जमिनीवरचा; गवत आणि पाणी असलेलं दुसरं मैदान मिळू शकतं. संगाईला लागते दलदल. जवळच्या पुमलेन पाट या सरोवराचं नाव यासाठी घेतलं जातं, पण तिथेही मासेमारी आणि शेतीवर जगणारी माणसं आहेत. माणसांना न विचारता केलेलं संवर्धन कसं अंगाशी येतं हे लोकताकने पाहिलंय: 2011 मध्ये फुमदीवरच्या मच्छीमारांच्या शेकडो झोपड्या, तिथल्या भाषेत फुमशांग, जाळण्यात आल्या. ही जखम अजून ताजी आहे.

प्राणिसंग्रहालयातली पैदास हा तिसरा पर्याय. इंफाळ, कोलकाता, दिल्ली इथे संगाई आहेत. विमा म्हणून ठीक, पण पिंजऱ्यात वाढलेल्या पाडसाला फुमदीवर चालणं कुठे शिकवणार?

तेव्हा निधी थोडाच असेल तर तो फुमदीची जाडी नियमित मोजणाऱ्या आणि मच्छीमारांना सोबत घेऊन चालणाऱ्या स्थानिक गटाला द्या. दुसऱ्या घराची मागणी करणारं निवेदन आलं तर सही करण्याआधी एवढंच विचारा की नव्या जागेतल्या पाण्याचं नियंत्रण कोणाच्या हातात असेल. आणि निवेदन तुम्हीच लिहिणार असाल तर ‘बराज पाडा’ असं न लिहिता कोणत्या महिन्यांत पाणी कुठल्या पातळीपर्यंत उतरवायचं आणि विजेची तूट कशी भरून काढायची, हे लिहा.