मुंबईत कुंभारकाम: नुसती भांडी विकावीत की वर्गही घ्यावेत?

चाकावर हात बसला आहे, ओळखीपाळखीतले लोक कॉफीचे मग आणि वाडगे विकत मागू लागले आहेत, आता नोकरी सोडून गाळा घ्यायचा विचार आहे. या टप्प्यावर प्रश्न येतोच: फक्त भांडी विकून भागेल की शिकवावंही लागेल? बहुतेक जण दोन्हीकडची तासाची कमाई मांडून उत्तर काढतात. मला वाटतं, ते भट्टीवरून काढावं. कामं दोन झाली तरी भट्टी एकच असते.

आधी नुसती विक्री. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या याच कामावर जगत आली आहेत. पण तिथे घर, चाक आणि भट्टी एकाच वस्तीत, घरची माणसं कामाला, आणि दिवाळीआधी पणत्यांचा माल घाऊक उचलला जातो. गाळ्याचं भाडं भरून एकट्याने काम करणाऱ्याने त्या भावाशी स्पर्धा करूच नये. त्याचा माल निराळा, साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या वर भाजलेलं, ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) केलेलं स्टोनवेअर, म्हणजे घट्ट, टणक भांडी. त्याला गिऱ्हाईक आहे, पण हंगामी. दिवाळीच्या भेटवस्तूंचं काम पावसाळ्यातच हाती घ्यावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच दमट हवेमुळे भांडी फळीवर ओली राहतात. घाई करून भट्टीत घातलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन भांडं फुटतं. म्हणजे माती, वीज, भाडं यांचा खर्च आज आणि पैसे माल पोचल्यावर. तरीही या वाटेचं एक मोल मी फार मोठं मानतो. एकाच मापाचे पन्नास वाडगे सलग काढले की हाताला जी सफाई येते, ती इतर कशानेही येत नाही. आठवडाभर शिकणाऱ्यांची माती चाकाच्या मध्यावर आणून देणाऱ्याला हा सराव मिळत नाही.

शिकवणीची फी आगाऊ येते आणि पाऊस असो-नसो, येते. गाळ्याच्या भाड्याची तारीख चुकत नाही अशा शहरात हा फार मोठा आधार आहे. मात्र कोणती शिकवणी, यावर सगळं ठरतं.

रविवारची एकदिवसीय कार्यशाळा सर्वांत सोपी वाटते. मे महिन्याच्या सुटीत तर मागणी भरपूर. पण हिशोब पुढे सुरू होतो. दहा जण आले, प्रत्येकाने दोन वस्तू केल्या, की वीस वस्तू झाल्या. त्या सुकवायच्या, पहिली भाजणी, ग्लेझ, दुसरी भाजणी. वीस वस्तूंना भट्टीत चाळीस वेळा जागा द्यायची. नवख्या हाताचे तळ जाड असतात, आतून ओले राहतात आणि फुटले तर शेजारचं तुमचं ऑर्डरीचं भांडंही घेऊन जातात. ग्लेझ जाड लागलं तर ओघळून भट्टीच्या फळीला चिकटतं. आणि सगळं नीट निघालं तरी कित्येक जण वस्तू न्यायलाच येत नाहीत. मुंबईत फळीभर जागा अडकणं म्हणजे पैसेच अडकणं. दोन तासांची म्हणून घेतलेली फी प्रत्यक्षात तीन आठवड्यांच्या कामाची असते. दर ठरवताना हे धरलंत तरच कार्यशाळा परवडते.

नियमित बॅच मला याहून कितीतरी बरी वाटते. सहा-आठ विद्यार्थी, तीन महिने, तेच चेहरे. सुरुवातीचे काही आठवडे त्यांनी केलेलं चिरून पुन्हा मातीत टाकायचं, भाजायचं नाही, असा नियम ठेवता येतो. भट्टीही मोकळी राहते आणि शिकणंही खरं होतं. पुढे हेच लोक माती मळतात, भट्टी भरायला हात लावतात, आणि भांड्याची किंमत का असते हे कळल्यामुळे तुमचे सर्वांत जाणते गिऱ्हाईक होतात.

शाळेतली नोकरी हा तिसरा पर्याय. पगार स्थिर, भट्टी संस्थेची. स्वतःचं काम मात्र संध्याकाळ आणि सुट्ट्यांपुरतं उरतं. लहान मुलांत रमत असाल तरच घ्या.

पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीचं उदाहरण नेहमी दिलं जातं. १९७१ मध्ये सुरू झालेल्या या ठिकाणी भांडीही बनली आणि कुंभारही घडले. पण तिथे माणसं दोन होती: डेबोरा स्मिथ यांनी मुख्यतः उत्पादन सांभाळलं, रे मीकर यांनी शिकवणं. एकट्या माणसाने दोन्ही गोष्टी तेवढ्याच ताकदीने करायच्या ठरवल्या, तर आधी मागे पडतं ते स्वतःचं चाक, कारण त्याची फी कोणी भरलेली नसते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. स्वतःची जागा असेल किंवा घरात दुसरी मिळकत असेल, तर पहिली दोन वर्षं नुसतं बनवा. भाडं भरायचं असेल, तर आठवड्याला दोन बॅच घ्या, त्यापलीकडे नाही, आणि सप्टेंबर ते दिवाळी नवी बॅच सुरू करू नका. विद्यार्थ्यांची भाजणी वेगळी ठेवा. त्यांना घरून माती आणू देऊ नका. लाल माती स्टोनवेअरच्या तापमानाला वितळून फळी खराब करते. वर्ग सुटल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा, कारण मातीच्या कोरड्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साठते, आणि रोज ती तुम्हीच हुंगणार असता. गाळा बघायला जाल तेव्हा चाकं किती मावतील हे नंतर मोजा. आधी विजेच्या भट्टीसाठी थ्री-फेज जोडणी आहे का आणि मंजूर वीजभार किती, ते विचारा.