गव्हर्नर विन्थ्रॉप सेक्रेटरी डेस्क: वर्षभराच्या वापरानंतर

हे डेस्क घ्यायचा विचार असेल तर लाकूड, पॉलिश, पितळी कड्या सगळं नंतर बघा. आधी झाकणाखालचे दोन आधार ओढून बघा. उतरतं झाकण उघडून आडवं केलं की ज्या दोन लाकडी पट्ट्यांवर ते टेकतं, ते हे आधार. माझ्या डेस्कचा डावा आधार एकदा ओढताना थेट हातात आला आणि दुसऱ्या हाताने उघडलेलं झाकण त्या बाजूने खाली गेलं. डाव्या बिजागरीचे स्क्रू लाकडाचा कपचा घेऊन निघाले.

मूळ दोष केवढा, तर पेन्सिलीच्या तुकड्याएवढी एक लाकडी खुंटी. आधाराच्या मागच्या टोकाजवळ ती कुशीतून बाहेर आलेली असते आणि आधार ओढला की आत अडते, म्हणून तो निसटत नाही. वरचा खण काढून टॉर्च मारला की दिसते. माझ्या डेस्कमधली झिजून मोडली होती. विकणाऱ्याने पॉलिश केलं, कड्या घासल्या, खुंटीला मात्र हात लावला नाही.

डेस्क मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफिल्डच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून घेतलं. हा बाजार वर्षातून तीनदा, मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये, रूट २० या हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना भरतो. शेवटच्या दिवशी दुपारनंतर जायचं. परत न्यायचा खर्च वाचावा म्हणून विक्रेते भाव सोडतात. मला ३५० डॉलरला मिळालं. खाली चार खण, मध्ये लिहायचं झाकण, वर काचेच्या दारांचं पुस्तकांचं कपाट. महागनी, पण सगळी नाही: खणांच्या कुशी पॉप्लरच्या, पाठ प्लायवूडची. कंपनीचं नाव कुठेही नाही.

प्लायवूडची पाठ बघून नाक मुरडू नका. गव्हर्नर विन्थ्रॉप या नावाने विकलं जाणारं डेस्क हा विसाव्या शतकातला माल आहे. १९२४ साली बॉस्टनच्या एका फर्निचर कंपनीने हे नाव बाजारात आणलं. स्वतः जॉन विन्थ्रॉप, मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीचे गव्हर्नर, १६४९ साली वारले. असं डेस्क त्यांनी कधी पाहिलंसुद्धा नसणार, कारण ही घडण अठराव्या शतकातली. त्या शतकातलं अस्सल काम हवं असेल तर हिशेबच वेगळा. न्यूपोर्टच्या टाउनसेंड-गोडार्ड या फर्निचर घडवणाऱ्या घराण्यांच्या परंपरेतलं, निकोलस ब्राउन यांच्यासाठी बनवलेलं सेक्रेटरी डेस्क १९८९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी २१ लाख डॉलरला गेलं. आपल्याला रोज लिहायला हवंय, म्हणून विसाव्या शतकातलंच बरं. अमेरिकन कस्टम्सच्या हिशेबात अँटिक म्हणजे शंभर वर्षांहून जुनं. माझं त्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, मला त्याने फरक पडत नाही.

आता दुरुस्तीचं. पहिल्यांदा ज्या माणसाला बोलावलं त्याने सुतारकामाचा पिवळा गोंद ओतला आणि मूळच्या दुप्पट लांबीचे स्क्रू मारले. एका स्क्रूचं टोक झाकणाच्या दर्शनी बाजूला फुगवटा करून आलं. वर मलाच सांगतो, "जुन्या फर्निचरचं असंच असतं." नसतं! हे लाकूड इतकी वर्षं टिकलं ते स्क्रू बेताचे होते म्हणून. फोटो पाठवले, महिनाभर ईमेल चालले, शेवटी अर्धे पैसे परत आले. उरलेल्या अर्ध्यांचा राग अजून आहे.

दुसरा कारागीर म्हातारा, मोजकं बोलणारा. त्याने पिवळा गोंद खरवडून काढला (त्यातच त्याचा निम्मा वेळ गेला), भोकांत कठीण लाकडाच्या गुट्ट्या सरसाने बसवल्या आणि मूळच्या मापाचेच स्क्रू लावले. सरस का, तर तो उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो. पुढे कधी जोड उघडायची वेळ आली तर लाकूड न फोडता उघडता येतो. पिवळ्या गोंदाचं तसं नाही, आणि त्याच्या थरावर नवा गोंदही नीट धरत नाही. नवी खुंटी बर्चची. एकूण १८० डॉलर, म्हणजे डेस्कच्या निम्म्याहून जास्त. खुंटीचं लाकूड काही सेंटांचं. विकत घेताना ही खुंटी तपासली तर हे पैसे तुमच्या खिशात राहतील.

एका गोष्टीबद्दल माझं मत या वर्षात पूर्ण फिरलं. जानेवारीत झाकणावर उजव्या टोकाजवळ नखभर भेग दिसली तेव्हा वाटलं, फसवणूक झाली. झाकणाची रुंद फळी वाकू नये म्हणून दोन्ही टोकांना लाकडाच्या रेषा आडव्या जाणारी पट्टी बसवलेली असते. हिवाळ्यात हीटर लागला की घरातली हवा कोरडी होते, फळी रुंदीत आकसते, पट्टी आकसत नाही, आणि जिथे ताण येतो तिथे भेग पडते. त्या कारागिराने भेग भरायला साफ नकार दिला. जुलैत ती आपोआप मिटली, बोट फिरवलं तरी लागत नाही. हिवाळ्यात पुट्टी भरून ठेवली असती तर उन्हाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला जागाच उरली नसती. तेव्हा अशा भेगेसाठी भाव पाडून जरूर मागा, पण ती भरू नका. डेस्क हीटरपासून लांब ठेवा, जमलं तर ह्युमिडिफायर लावा.

उलट ऑगस्टमध्ये खण अडकतात. कोकणात पावसाळ्यात कपाटाच्या खणांना करतात तोच उपाय: घासणाऱ्या कडांवर मेणबत्ती फिरवायची. रंध्याला हात लावू नका, हिवाळ्यात तोच खण डुगडुगेल.

रोजच्या कामाला कसं? मी घरून हिशेबाचं काम करते, चौदा इंची लॅपटॉपवर. मांडी मारून बसायच्या उतरत्या झाकणाच्या मुनीमजींच्या डेस्काखाली चार खण रचले तर जे होईल ते हे. इतिहासही तसाच आहे: आधी लिहायची उतरती पेटी होती, ती पुढे खणांच्या पेटाऱ्यावर चढली. त्यामुळे गुडघ्यांना जागा फक्त उघडलेल्या झाकणाखाली. खुर्ची फार पुढे सरकत नाही. दोन तासांनी उठावंच लागतं. मोठा मॉनिटर विसरा, मागे सगळे छोटे कप्पे आहेत. वायरसाठी पाठीला भोक पाडू नका; मी चार्जर झाकणाच्या बाजूने आणते आणि संध्याकाळी काढते. पुढच्या कडेवर कोपरं टेकून भार देऊ नका. आधार झाकणाच्या पुढच्या कडेपर्यंत पोचत नाहीत, तिथे दिलेला भार बिजागरीला उपटायला बघतो.

आणि तरीही मी हे विकणार नाही. मधल्या छोट्या दाराच्या दोन्ही बाजूंना कोरीव खांब आहेत. ते नुसते शोभेचे वाटतात, पण चिमटीत धरून ओढले की अख्खा खांब पुढे येतो आणि मागे अरुंद, उभी पेटी निघते, कागदपत्रं ठेवायची. मला हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. धूळ पुसताना डावा खांब हलला आणि हळूच बाहेर आला. आतलं लाकूड पॉलिशशिवायचं, फिकट, आजच कापल्यासारखं. मला इतका आनंद झाला की नवऱ्याला मीटिंगमधून उठवून आणलं. आता एकात चेकबुक आणि टपाल तिकिटं, दुसरा मुलीने बळकावलाय, त्यात बिया आणि मणी. कप्पे इतके नेमके आहेत की बिल हरवणं बंद झालं. आयुष्यभर प्लास्टिकच्या फोल्डरांवर पैसे घालवल्यावर ही बचत मला मोठी वाटते.

पॉलिशबद्दल थोडक्यात: लाखेचं असेल तर स्पिरिटचा थेंब लपलेल्या जागी लावून बघा, चिकट होईल. त्यावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरा डाग पडतो. कोस्टर वापरा.

नेताना वरचं कपाट खालच्या भागापासून सुटं करा. बहुतेकदा ते मागून दोनचार स्क्रूंनीच धरलेलं असतं. खण काढून वेगळे न्या, झाकणाला कुलूप लावा, किल्ली नसेल तर मऊ पट्ट्याने बांधा. आधार आत ढकलून त्यांच्यावर कागदी टेप लावा, नाहीतर ट्रकमध्ये ते बाहेर येतात आणि पहिल्याच वळणावर दाराच्या चौकटीवर आपटतात.