दार वाजवायला शिकवले, नाव सांगायला विसरवले

स्वमग्न मुलांना खासगीपणा समजावा म्हणून बनवलेला टॅबलेटवरचा एक खेळ माझ्या 9 वर्षांच्या मुलाबरोबर मी दोन महिने वापरला. कपडे बदलणे, न्हाणीघर, बंद दार, पासवर्ड असे प्रसंग पडद्यावर येतात आणि मुलाने योग्य चित्र निवडायचे असते.

जागांविषयीचा भाग उत्तम आहे. पडद्यावर एका वेळी एकच सूचना येते आणि तीही ‘नीट वाग’ अशी मोघम नसून ‘दार लाव, मग कपडे बदल’ इतकी नेमकी असते. तिसऱ्या आठवड्यात मुलाने माझ्या खोलीचे दार खेळातल्यासारखे मोजून तीन वेळा वाजवले. मी ‘ये’ म्हणेपर्यंत तो थांबला नाही, ही गोष्ट वेगळी.

माहितीविषयीचा भाग मात्र फसला आहे. नाव, पत्ता, फोन नंबर यांची चित्रे लाल पेटीत टाकली की गुण मिळतात. कोण विचारते आहे आणि कशासाठी, याचा कुठे उल्लेखच नाही. त्यामुळे दवाखान्यात नाव विचारल्यावर मुलाने ‘ते खासगी आहे’ असे ठणकावून सांगितले. शिकवलेला नियम त्याने शब्दशः पाळला होता, त्याला काय बोलणार? बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांच्या 1985 च्या प्रयोगात, सॅली नावाच्या बाहुलीच्या नकळत हलवलेली गोटी ती कुठे शोधेल, हे 20 पैकी 16 स्वमग्न मुलांना सांगता आले नव्हते. समोरच्याला काय ठाऊक आहे, याचा अंदाज ज्याला अवघड जातो, त्याला लाल-हिरव्या दोन पेट्या पुरत नाहीत; तोच पत्ता डॉक्टरांना, वर्गमित्राला आणि ऑनलाइन खेळणाऱ्या अनोळखी माणसाला सांगायचा का, असे एकेक माणूस समोर ठेवून विचारायला हवे होते.

चुकीच्या उत्तराला फुगा फुटतो. मुलाला तो इतका आवडला की तो मुद्दाम चुकू लागला. आवाज बंद करता येतो, फुगा नाही.

आणखी एक खटकलेली बाब म्हणजे, खासगीपणा शिकवणारा हा खेळ सुरुवातीलाच मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि छायाचित्र मागतो व ते दिल्यावाचून पुढे सरकत नाही. मी टोपणनाव आणि मांजराचा फोटो दिला.

आता आम्ही जागांचा भाग तेवढाच खेळतो. माणसांचा सराव मी फोटो चिकटवलेल्या पुठ्ठ्यांवर घेते. डॉक्टरांचा पुठ्ठा परवा त्याने बराच वेळ हातात धरून ठेवला आणि मग पत्त्याच्या चित्राशेजारी मांडला.