मुकिमो की गिथेरी?

केनिया पर्वताच्या परिसरातील किकुयू समाजाच्या स्वयंपाकात मका आणि शेंगावर्गीय दाणे हे मुकिमो आणि गिथेरी या दोन्ही पदार्थांचा पाया आहेत. फरक पडतो तो पुढच्या कृतीत. गिथेरीत मक्याचे दाणे व घेवडा एकत्र मऊ शिजवतात आणि दाणे अखंड ठेवतात. मुकिमोत मात्र त्याच शिजलेल्या दाण्यांत बटाटे आणि भोपळ्याची कोवळी पाने घालून सर्व लाकडी दांड्याने घोटतात. किकुयू भाषेत ‘किमा’ म्हणजे घोटणे, त्यावरूनच हे नाव पडले. पानांच्या देठांवरचे धागे आधी नीट सोलावे लागतात, अन्यथा ते दातांत अडकतात. पण या कष्टाचे मोल घोटलेल्या गोळ्याच्या गर्द हिरव्या रंगात पुरेपूर मिळते.

गिथेरी स्वस्त, पोटभरीची, शाळांच्या भोजनगृहांत नित्याची, शिवाय दुसऱ्या दिवशी कांदा-टोमॅटोवर परतली की अधिकच रुचकर लागते. शिजवलेला बटाटा लवकर आंबत असल्याने मुकिमो ताजाच खावा. लग्नाच्या बोलणीसारख्या प्रसंगी भाजलेल्या मांसासोबत किंवा रश्श्यासोबत त्यालाच मान असतो. रोजच्या जेवणासाठी मी गिथेरी निवडेन, परंतु पाहुणे येणार असतील तर निःसंशय मुकिमोच.