परदेशी मुलांकडे जाताना: आजारपणाचं इंग्रजी पाठ करावं, ॲपवर सोडावं की कार्ड करावं?

मुलगा-सून दिवसभर कामावर, घरी आई-बाबा दोघंच, आणि इंग्रजी बेताचं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये चार-सहा महिने राहायला जाणाऱ्यांनी दुखण्याखुपण्याची तयारी कशी करावी? स्पोकन इंग्लिशचा क्लास मी लगेच बाजूला ठेवते. तो चांगलाच असतो, पण त्यात हवापाण्याच्या गप्पा शिकवतात आणि ऐन वेळी त्या उपयोगी पडत नाहीत.

ॲप औषधांच्या दुकानात फार कामाचं. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आधीच डाउनलोड करून ठेवली तर नेट नसतानाही चालते, आणि बाटलीवरचं लेबल कॅमेऱ्याने वाचता येतं. पण अमेरिकेत 911 ला, म्हणजे इमर्जन्सीच्या नंबरला, फोन लावलाय, तोच फोन कानाला आहे, तेव्हा ॲप उघडणार कसं? शिवाय आपण घाबरलो की बोलतो घरचंच: ‘हातपाय गळाले’, ‘पोटात कळ आली’. यंत्र याचं काय करील याचा भरवसा नाही.

म्हणून पहिल्या दोन मिनिटांसाठी तोंडपाठ वाक्यांना पर्याय नाही. ती फार लागतही नाहीत. फोन उचलणारा बहुधा आधी पत्ता विचारतो, तेव्हा घरनंबर, रस्ता आणि गाव इंग्रजीत घडाघडा म्हणता आलं पाहिजे. मग ‘चेस्ट पेन’, ‘कान्ट ब्रीद’, ‘फेल डाउन’, ‘नॉट वेकिंग अप’. व्याकरण चुकलं तरी चालेल. ‘हिंदी इंटरप्रिटर प्लीज’ हेही पाठ असावं, कारण मराठीपेक्षा हिंदीचा दुभाषा लवकर मिळण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात जास्त सराव छातीच्या शब्दांचा करा. आपल्याकडे छातीत भरून आलं की पहिला शब्द निघतो ‘गॅस’. तिकडे तेच सांगितलंत तर ऐकणारा पोटाचा विचार करील. दडपण वाटत असेल तर ‘प्रेशर’, आवळल्यासारखं वाटत असेल तर ‘टाइट’, जळजळ असेल तर ‘बर्निंग’, आणि दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल तर तेही. काय होतंय ते सांगा, निदान डॉक्टरांवर सोडा. जुलाबांना ‘लूज मोशन’ न म्हणता ‘डायरिया’ म्हणावं. पॅरासिटामॉल इंग्लंडमध्ये त्याच नावाने मिळतं, अमेरिकेत मात्र ॲसिटामिनोफेन किंवा टायलेनॉल मागावं लागतं.

रुग्णवाहिका आली की कार्डाचं काम सुरू. बाबा बेशुद्ध असतील आणि आईला रडू आवरत नसेल, तर बोलणार ते कार्डच. त्यावर इंग्रजीत आजार, झालेली ऑपरेशन्स, ॲलर्जी, मुलाचा नंबर आणि औषधं मूळ नावाने, डोसासकट लिहा. इकोस्प्रिन किंवा ग्लायसिफेज ही ब्रँडची नावं तिकडे कुणी ओळखेलच असं नाही, ॲस्पिरिन आणि मेटफॉर्मिन सगळे ओळखतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सगळ्यात वर, ठळक अक्षरांत. आणखी एक, इंग्लंडमध्ये साखर वेगळ्या एककात मोजतात: आपली 180 म्हणजे त्यांची 10. हीच माहिती मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरच्या इमर्जन्सी माहितीतही भरून ठेवा.

अमेरिकेतल्या बहुतेक रुग्णालयांना मोफत दुभाषा देणं कायद्याने बंधनकारक आहे, बऱ्याचदा तो फोनवर किंवा व्हिडिओवर असतो. तो मागायला संकोच करू नका, आणि नातवाला मध्ये घालून आजीचं दुखणं सांगायला तर मुळीच लावू नका.

माझं मत विचाराल तर कार्ड आधी, तिकीट काढलं त्याच आठवड्यात, फॅमिली डॉक्टरांकडून तपासून घेऊन. मग रोज संध्याकाळी दहा मिनिटं ती वाक्यं मोठ्याने म्हणायची, एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं. ॲप दुकानापुरतं. इमर्जन्सीचे नंबर अमेरिकेत 911, इंग्लंडमध्ये 999 आणि ऑस्ट्रेलियात 000, ते कार्डाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहा.