इंद्रभुवनच्या खिडक्या: टेप की ग्रासहॉपर?

सोलापूरच्या इंद्रभुवनसारख्या नक्षीदार वास्तूची प्रमाणं अभ्यासायला टेप-कागद घ्यावा, की फोटोग्रामेट्री (फोटोंवरून त्रिमित मॉडेल करण्याचं तंत्र) आणि ग्रासहॉपर (त्रिमित मॉडेलवर सूत्रं जोडून काम करणारं सॉफ्टवेअर)?

टेपने हाताशी असलेली दारं-खिडक्या चोख मोजता येतात. गिलावा कुठे फुगलाय तेही कळतं. वरच्या मजल्याला मात्र परांची लागते.

फोटोंवरून त्रिमित मॉडेल केलं की वरचा मजलाही आवाक्यात येतो. गुणोत्तराला एकक नसतं, त्यामुळे मॉडेलला खरं माप दिलं नाही तरी चालतं. ही केवढी मोठी सोय! ग्रासहॉपरमध्ये सूत्र एकदा जोडलं की सगळ्या खिडक्यांची उंची-रुंदी एकदम तपासता येते.

धोकाही तिथेच आहे. १ मीटर रुंद खिडकीची उंची १६० सेंमी असेल तर गुणोत्तर ८:५, आणि १६१.८ सेंमी असेल तर सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे देखणं मानलं जाणारं सुमारे १.६१८:१ हे प्रमाण. फरक जेमतेम १.८ सेंमी, म्हणजे गिलाव्याच्या एका थराएवढा. संगणकाला २ टक्के सूट दिली की तो दोन्हींना होकार देतो, आणि गवंड्याने साधे पूर्णांक धरले असतील ही शक्यता झाकली जाते.

माझा कौल तरीही संगणकालाच. फक्त चौकटीची कोणती कड धरायची, हे आधी टेप घेऊन भिंतीपाशी ठरवावं.