'जिताडा स्पेशल किट' घेताय? आधी माझे ₹२६,८२७ कुठे गेले ते वाचा

जिताडा या खाडीतल्या माशासाठी ल्युअर (गळाला लावायचं नकली आमिष) घ्यायला निघालेल्यांनी हे वाचा. बाकीच्यांना हसायचं असेल तर हसा, घरच्यांचं हसून झालंय.

आकडे आधीच सांगतो, म्हणजे "किती गेले रे?" असं विचारायला कुणाचा फोन नको. तीन किट, प्रत्येकी ₹७,४९९, म्हणजे ₹२२,४९७. मग 'कस्टम क्लिअरन्स' म्हणून ₹३,१५०. मग 'एक्स्चेंजचं कुरिअर' म्हणून ₹१,१८०. एकूण ₹२६,८२७. यातली दोन किट आमच्या गरवणाऱ्या ग्रुपमधल्या दोघांची. त्यांचे ₹१४,९९८ मी खिशातून परत केले, कारण ऑर्डर माझ्या शब्दावर दिली होती.

पेजचं नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, ते सारखं बदलतं. पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच: इन्स्टाग्रामवर जाहिरात, मग व्हॉट्सअ‍ॅप, मग क्यूआर कोड. पण "अनोळखी माणसाला आगाऊ पैसे दिलेसच कसे?" असं म्हणणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. मी एकदम दिले नव्हते. आधी एकच ल्युअर मागवला, रापाला कंपनीचा चार इंची मिनो (छोट्या माशाच्या आकाराचा ल्युअर), ₹६४९ ला. दुकानात तो तेव्हा साडेआठशे-नऊशेच्या खाली मिळत नव्हता. आला तो अस्सल आला. लॉरी रापालाने १९३६ मध्ये फिनलंडात बुचाचा पहिला ल्युअर कोरला, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद लावला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला. त्याची कंपनी आजही सांगते की प्रत्येक ल्युअर पाण्यात ओढून, सरळ चालतोय हे बघूनच डब्यात जातो. माझा सरळ चालला. ओढायचं थांबवलं की होता तिथेच पाण्यात तरंगत राहिला, ना वर ना खाली. याहून जास्त खात्री गिऱ्हाइकाने कशी करायची, ते मला कुणीतरी सांगा.

आणि पेजवाला माणूस बोलायला पक्का. "दादा, उघाडीवर टाकता की खाडीच्या तोंडाला? सुकतीला की भरतीला?" उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, सुकती म्हणजे ओहोटी. खारेपाटात, म्हणजे आमच्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, न वावरलेला माणूस असं विचारत नाही. जिताडा सुकतीचं पाणी खाजणातून (खाडीकाठच्या दलदलीतून) उतरायला लागलं की तिवरांच्या कडेला आणि उघाडीच्या तोंडाशी दबा धरून बसतो, वाहत येणारी कोळंबी आणि बोयटांसारखे छोटे मासे टिपतो, हे त्याला ठाऊक होतं. आमचं पाणी गढूळ, त्यात सोनेरी आणि पोपटी रंग चालतात, हेही त्यानेच आधी सांगितलं. व्हिडिओ कॉलवर भिवंडीचं गोदाम दाखवलं. मागे रॅक, रॅकवर डबे.

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी तिथेच जातो.

किटचा फोटो आला तेव्हा झाकणावरचा मासा जिताडा नव्हता. हिरवट अंग, कुशीवरून गेलेला काळपट पट्टा, डोळ्याच्याही मागे गेलेला जबडा. तो अमेरिकेतल्या तळ्यांतला लार्जमाउथ बास. जिताड्याच्या आणि त्याच्या कुळाचा काही संबंध नाही. आपला जिताडा चंदेरी, कपाळाला खोलगट, शेपटी गोल. शेंबडं पोरगंही फरक सांगेल. मी तर फोटो मोठा करून बघितला. आतल्या चोवीस ल्युअरमध्ये गोड्या पाण्यातल्या नांग्यावाल्या झिंग्यासारखे रबरी तुकडे होते, तारेवर फिरणाऱ्या पात्यांचे स्पिनरबेट होते. रेवदंड्याच्या खाडीत हे घेऊन मी काय करणार होतो? मी विचारलंसुद्धा. मेसेज अजून आहे: "हा बासचा बॉक्स आहे ना?" जिताड्याचं इंग्रजी नाव सी-बास. उत्तर आलं, "सर, इंटरनॅशनल पॅकिंग आहे, सी-बास आणि बास दोन्हीला सेम चालतं." आणि लगेच दुसरा मेसेज: "शेवटचे तीन सेट उरलेत."

तिथे फोन ठेवायचा होता. ज्याला पाच मिनिटांपूर्वी उघाडी आणि सुकती कळत होती, त्याला आता दोन माशांतला फरक कळेना, हे मला खटकलं होतं. खटकलं होतं हो! पण ग्रुपवर दोघांनी "घेऊन टाक" म्हणून अंगठे दाखवले होते, छापील किंमत ₹१९,२०० होती आणि हातातला पहिला ल्युअर खरा होता. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं एका मोबाइल अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाचं. "ते आमचे अकाउंट्स बघतात." बरं.

त्यानंतर 'रिफंडेबल' म्हणून कस्टमचे ₹३,१५०. माल भिवंडीत आहे म्हणून दाखवला होता, मग कस्टम कुठून आलं? हा प्रश्न मला पैसे भरल्यावर पडला. 'रिफंडेबल' हा शब्द दिसला की पुढचं वाचूच नका. आणि कस्टमची ड्युटी कुणा खासगी माणसाच्या यूपीआयवर भरली जात नाही. कधीच नाही.

पार्सल आलं. डबे चकाचक, वर रापालाचं नाव, आत पोकळ प्लास्टिक. दोन अर्ध्या चिकटवल्याची शिवण नखाला लागत होती. जिभेसारखी पारदर्शक पट्टी, जिच्यामुळे ल्युअर बुडी मारतो, ती गोंदाने डकवलेली. डोळे स्टिकरचे. मी एक खाडीवर नेला. चौथ्या-पाचव्या फेकीला तो कुशीवर आडवा होऊन यायला लागला, कारण आत पाणी शिरलं होतं. दुसरा लावला. आणि नेमका त्यालाच मासा लागला. जिताडा घेतो तेव्हा थाड असा आवाज येतो, पाणी गिळल्यासारखा, तो ज्याने ऐकलाय त्याला कळेल माझं काय झालं असेल. चांगला चार-पाच किलोचा असावा. ब्रेड (विणलेली दोरी) तुटली नाही, लीडरही (तिच्या पुढचा जाड तंगूस) तुटला नाही. त्याच्या गालफडाच्या कडेने भलेभले तंगूस कापले जातात, म्हणून मी जाड फ्लुरोकार्बनचा लीडर लावतो. सुटली ती स्प्लिट रिंग, म्हणजे हुक अडकवायची छोटी कडी. हेअरपिनसारखी सरळ झाली. ट्रेबल हुक (तीन काट्यांचा गळ) माशाच्या तोंडात गेला आणि माझ्या हातात प्लास्टिक राहिलं. पैशांचं सोडा, तोंडात तीन काटे घेऊन तो मासा कुठे फिरत असेल, याचा मला जास्त राग आहे.

नकली ओळखायचा तर रिंग हाताने ओढून बघा, वाकली तर फेकून द्या. चुंबक लावणं, वजन करणं, बारकोड बघणं, यातलं काही भरवशाचं नाही, बारकोडही नकली छापतात. हुक रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. माझे सकाळी तांबडे झाले होते.

तक्रार केली तर "एक्स्चेंज करून देतो, फक्त कुरिअरचे ₹१,१८० टाका." टाकले. आता यावर बोलू नका. बुडालेले ₹२५,६४७ डोळ्यांपुढे असले की ₹१,१८० छोटे वाटतात. त्यानंतर ब्लॉक.

आता पुढची वरात ऐका. पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेलो. साहेबांनी विचारलं, "ल्युअर म्हणजे?" सांगितलं. ते शेजारच्यांना म्हणाले, "मासे धरायची खेळणी. सव्वीस हजारांची." मग, माल मिळालाय ना, मग फसवणूक कसली, हा दिवाणी वाद आहे, ग्राहक आयोगात जा. मी म्हटलं, नकली माल खरा म्हणून विकणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. "कलमं आम्हाला शिकवू नका." पैसे कुठल्या खात्यात गेले? ते खातं दुसऱ्या जिल्ह्यातलं, मग त्या जिल्ह्यात जा. अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारा जेवायला गेलेला. चार वाजेपर्यंत जेवत होता. पोच मिळाली तेव्हा तिच्यावर लिहिलं होतं, 'प्लॅस्टिक मासे न मिळाल्याबाबत'. न मिळाल्याबाबत! मिळाले म्हणूनच तर मी आलो होतो ना?

बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलाय, आमचा संबंध नाही." समोरचं खातं गोठवायला सांगा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांकडे गेलो, तर बँकेचं पत्र आणा. कुरिअरवाल्याकडे पाठवणाऱ्याचा पत्ता मागितला, तर ती 'ग्राहकाची गोपनीय माहिती'. चोराची गोपनीयता जपणारे हे पहिलेच भेटले. ग्राहक आयोगात ₹५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, हे खरं आणि चांगलं आहे. पण तक्रारीत विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. पत्ता कुरिअरकडे. कुरिअर म्हणतं कोर्टाचा आदेश आणा. मी नोकरी करू की ही कागदं फिरवू?

यूपीआयने पैसे गेल्याचं लक्षात आलं की त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आधी अडवले जायची शक्यता तेव्हाच जास्त असते. माझा डबा उघडेपर्यंत पैसे कुठल्या कुठे गेले होते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी साइटवर दिसायला हवा. ते नसेल तर कितीही गोड बोलू दे, नको. पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा, माझ्याकडे नव्हता म्हणून बँकेने त्यावरही टोमणा मारला. ग्रुपमध्ये दुसऱ्याच्या ऑर्डरी आपल्या फोनवरून देऊ नका, भाऊ-दादा म्हणणारे हिशेबाला बरोबर येतात.

आणि चोवीस ल्युअर लागतात कुणाला? आपल्या खाडीला कोळंबीच्या आकाराचं मऊ रबर, त्याला जिग हेड (वजन जोडलेला गळ), चार-पाच इंची एक-दोन मिनो, गढूळ पाण्यात थरथरणारा एखादा वाइब आणि पहाटेसाठी पाण्यावर आवाज करणारा एक पॉपर. एवढंच दुकानात जाऊन, हातात धरून घ्या. बिल घ्या. शंभर रुपये जास्त गेले तरी ते माणूस आणि दुकान जागेवर असल्याचे पैसे समजा.

परवा तोच झाकणावरचा हिरवा मासा पुन्हा दिसला, नव्या नावाच्या पेजवर. किट आता ₹६,९९९ ला. खाली कुणीतरी विचारलं होतं, "जिताड्याला चालेल का?" मी लगेच लिहिलं, घेऊ नका, नकली आहे, माझ्याकडे पुरावे आहेत. दोन मिनिटांत माझी ओळ उडाली आणि मला ब्लॉक केलं. ज्याने विचारलं होतं त्याला मेसेज टाकलाय. अजून त्याने वाचलेला नाही.